चौघांची तबकडी, तिसऱ्याचा वाटा

लंडनजवळच्या ट्विकनहॅम चित्रपट स्टुडिओत २ जानेवारी १९६९ रोजी बीटल्स पथकाचे चौघे जमले, तेव्हा त्यांच्यापुढील उद्दिष्ट वरकरणी साधे होते. काही नवी गाणी बसवावयाची, ती एकदा प्रेक्षकांसमोर सादर करावयाची, त्याच सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण तबकडी म्हणून काढावयाचे आणि हा सारा खटाटोप चित्रित करून दूरचित्रवाणीस द्यावयाचा, एवढीच ती योजना. महिनाअखेरीस काम संपावयास हवे होते, कारण ढोलवादक रिंगो स्टार याला एका चित्रपटात भूमिका करावयाची होती. प्रत्यक्षात ती तबकडी ८ मे १९७० रोजी बाजारात आली आणि ती आली तेव्हा पथक उरलेले नव्हते. योजनेचे नाव 'गेट बॅक' होते. तबकडीवर नाव छापले गेले 'लेट इट बी'. मुळाकडे परत जाण्याच्या इच्छेने आरंभलेल्या कामाला अखेर 'असू द्या' या अर्थाचे नाव मिळावे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

या सोळा महिन्यांविषयी जेवढे लिहिले गेले आहे तेवढे अन्य कोणत्याही लोकप्रिय संगीतपथकाच्या कोणत्याही तबकडीविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. तरीही सर्वसामान्य समज एकाच वाक्यात सांगता येण्याजोगा राहिला. जॉन लेनन याच्या आयुष्यात योको ओनो आली आणि चौघांची मैत्री मोडली, हे ते वाक्य. घर फुटले की दोष सुनेच्या माथी मारण्याची ही रीत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही, एवढेच त्यावरून दिसते. त्या महिन्यात चित्रित झालेल्या सुमारे साठ तासांच्या चित्रफितींतून आणि दीडशे तासांच्या ध्वनिफितींतून पीटर जॅक्सन याने नोव्हेंबर २०२१ मध्ये जवळजवळ आठ तासांचा अनुबोधपट सिद्ध केला. त्यात योको बहुतेक वेळ शांतपणे बसलेली, वृत्तपत्र चाळताना किंवा काही लिहिताना दिसते. पॉल मॅकार्टनी तर त्या जानेवारीतच थट्टेने म्हणून गेला होता की, योको ध्वनिवर्धकावर बसली म्हणून हे चौघे फुटले असे पन्नास वर्षांनी लोक सांगतील. भाकीत खरे ठरले. मात्र मूळ कारण दुसरीकडेच होते, आणि ते समजून घ्यावयाचे तर दोन-तीन वर्षे मागे जावे लागते.

बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अखेरचा तिकिटाचा जाहीर कार्यक्रम केला. त्यानंतर ते केवळ ध्वनिमुद्रणगृहातील कलावंत झाले. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन निवर्तला. एपस्टाइन संगीतकार नव्हता, परंतु कोणत्या दिवशी कोठे हजर राहावयाचे हे तो ठरवी आणि चौघेही ते निमूटपणे मानीत. तो गेल्यावर ही जबाबदारी कोणी तरी उचलणे भाग होते. ती पॉलने उचलली. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर भावांपैकी जो अधिक कामसू असतो तोच पुढे होतो, आणि 'तुला हा अधिकार कोणी दिला?' हा प्रश्नही त्यालाच ऐकावा लागतो. पॉलचे तसेच झाले. तो नसता तर १९६७ नंतरचे बरेच काम झालेच नसते, हे मान्य करूनही असे म्हटले पाहिजे की, वाद्य कसे वाजवावे हे सहकाऱ्यांना सांगण्याची त्याची पद्धत सोशिकातल्या सोशिकालाही जड जाणारी होती.

१९६८ साली दोन तबकड्यांचा पांढऱ्या वेष्टनाचा संच तयार होत असतानाच तडे दिसू लागले होते. ध्वनिअभियंता जेफ एमरिक जुलैमध्ये काम सोडून गेला. ऑगस्टमध्ये खुद्द रिंगो उठून गेला, सार्डिनियाच्या किनाऱ्यावर काही दिवस राहिला आणि परतला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याचे ढोल फुलांनी सजवून ठेवलेले होते. त्याच सुमारास जॉर्ज हॅरिसन याला स्वतःच्या एका गाण्याकडे सहकाऱ्यांचे लक्ष वेधावयाचे होते. विनवण्या करण्याऐवजी त्याने एरिक क्लॅप्टन या बाहेरच्या गिटारवादकास सोबत आणले. पाहुणा आल्याबरोबर सर्व जण नीट वागू लागले. ही युक्ती जॉर्जच्या ध्यानात राहिली असावी.

हा जॉर्ज हॅरिसनच या कथेतील मुख्य पात्र आहे. जॉन आणि पॉल यांच्या जोडीत तो १९५८ साली आला तेव्हा पंधरा वर्षांचाही नव्हता. पॉलपेक्षा तो केवळ आठ महिन्यांनी लहान, परंतु धाकटेपणाचा जो शिक्का तेव्हा बसला तो कधी पुसलाच गेला नाही. गाणी रचण्याचे काम लेनन-मॅकार्टनी या जोडनावाने चाले आणि तबकडीवर जॉर्जला एक, फार तर दोन, क्वचित अधिक जागा मिळत. पांढऱ्या संचातील तीस रचनांपैकी त्याच्या चार आहेत. आरंभी ही वाटणी अन्यायाची नव्हती, कारण त्याची सुरुवातीची गाणी तेवढ्याच योग्यतेची होती. अडचण झाली ती तो वाढू लागला तेव्हा.

त्याच्या या वाढीत मुंबईचाही वाटा आहे, हे मराठी वाचकांना सांगणे अगत्याचे ठरेल. १९६६ च्या सप्टेंबरात तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतारीचे धडे घेण्यासाठी मुंबईत येऊन राहिला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला आणि येथील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित केले. शिवकुमार शर्मा, आशिष खाँ यांच्यासारखे वादक त्यात होते. त्याच मुक्कामात 'दि इनर लाइट' या त्याच्या गाण्याचा वाद्यमेळही येथेच ध्वनिमुद्रित झाला. लंडनमध्ये ज्याला आपल्या गाण्यासाठी तिष्ठत बसावे लागे, तो मुंबईत नामांकित वादकांना स्वतःच्या कल्पनेप्रमाणे वाजविण्यास सांगत होता, आणि ते त्याचे ऐकत होते. पुढे १९६८ च्या अखेरीस तो अमेरिकेत वुडस्टॉक येथे बॉब डिलन आणि 'दि बँड' या पथकाच्या सहवासात राहिला. तेथे त्याला बरोबरीची वागणूक मिळाली. अशा मनःस्थितीत हा माणूस २ जानेवारीला ट्विकनहॅमच्या त्या प्रचंड, थंड, पोकळ दालनात येऊन बसला. बीटल्सची सवय रात्री उशिरापर्यंत काम करण्याची. येथे चित्रीकरणाच्या सोयीसाठी सकाळी यावे लागे आणि छायाचित्रणयंत्रे सतत रोखलेली असत.

ठिणगी

६ जानेवारी रोजी 'टू ऑफ अस' या गाण्याची तालीम चालू असताना पॉल आणि जॉर्ज यांच्यात जी बोलाचाली झाली, ती १९७० च्या मूळ चित्रपटातही आली आणि त्यामुळे जगजाहीर झाली. पॉलचे म्हणणे असे की, गाण्याचा सांगाडा आधी उभा राहू द्यावा, गिटारची नक्षी मागाहून काढावी. जॉर्जचे म्हणणे असे की, वाजविता वाजविताच काय वाजवावयाचे ते सापडते. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत आणि दोन्हींनी जगात उत्तम संगीत निर्माण झालेले आहे. परंतु तेथे वाद पद्धतीचा उरला नव्हता. पॉलला आपण टोचून बोलतो आहोत हे कळत होते. तो अडखळत, माफीच्या सुरात, तरीही आपला मुद्दा न सोडता बोलत राहिला आणि त्याने 'हे ज्यूड'च्या वेळची जुनी आठवण काढली. त्या गाण्यात जॉर्ज प्रत्येक ओळीला गिटारने उत्तर देऊ पाहत होता आणि पॉलने ते नाकारले होते. यावर जॉर्ज आवाज न चढविता एवढेच म्हणाला की, तू सांगशील ते मी वाजवीन, तू नको म्हणालास तर मुळीच वाजविणार नाही. तुला जे हवे ते करीन. वादकाने निर्मितीतील आपला वाटा परत करून मजुरी तेवढी देऊ करणे, असा या वाक्याचा अर्थ होतो. यापेक्षा आदळआपट बरी.

१० जानेवारीला दुपारच्या जेवणाच्या वेळी जॉर्ज पथक सोडून निघून गेला. घरी जाऊन त्याने त्याच दिवशी 'वाह-वाह' हे गाणे रचले. मागे राहिलेल्या तिघांनी काही वेळ कर्कश वाजवून आपला राग वाद्यांवर काढला. जॉर्ज दोन-चार दिवसांत परतला नाही तर क्लॅप्टनला बोलवावे, असेही जॉन म्हणाला. बोलणे कठोर होते, पण जॉनला काय घडले आहे हे कळत नव्हते असे नाही. १३ जानेवारीला उपाहारगृहात तो आणि पॉल या विषयावर बोलले. चित्रपट-दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग याने तेथे फुलदाणीत ध्वनिग्राहक दडवून ठेवला होता, म्हणून ते संभाषण आज ऐकावयास मिळते. चोरून ऐकलेल्या या संभाषणाचा उपयोग करावा की नाही हा नीतीचा प्रश्न वेगळा. परंतु त्यातून दिसणारे चित्र मोलाचे आहे. जॉर्जची जखम बरेच दिवस चिघळत होती, आपण ती चिघळू दिली आणि काल तिच्यावर पट्टीही बांधली नाही, अशा आशयाचे जॉन बोलतो. पॉलही आपण सगळ्यांवर हुकमत गाजवितो हे नाकारीत नाही. दोघे शहाणे आहेत, प्रामाणिक आहेत, आणि तरीही त्या संपूर्ण संभाषणात जॉर्जची गाणी अधिक घ्यावीत असा विषय ठामपणे पुढे येत नाही. त्याला परत कसे आणावे एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे आहे.

तालमीत जॉर्जने आणलेल्या गाण्यांत 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे होते. ३ जानेवारीपासून ते अनेकदा वाजविले गेले, थोडे बसलेही, आणि मग मागे पडले. 'आय मी माइन' हे अहंकारावरचे गाणे त्याने रात्रीत रचून आणले, तेव्हा जॉनने त्यावर साथ करण्याऐवजी योकोसह वॉल्ट्झ नृत्याचा फेर धरला. तो थट्टेचा प्रसंग होता, आणि तो पाहताना हसूही येते. ज्याचे गाणे आहे त्याच्या जागी स्वतःला ठेवले की हसू ओसरते.

सावील रो

१५ जानेवारीच्या बैठकीनंतर जॉर्ज परतला, पण अटी घालून. परदेशातील प्राचीन रंगमंडलात किंवा जहाजावर कार्यक्रम करण्याच्या कल्पना गुंडाळावयाच्या, ट्विकनहॅम सोडावयाचे आणि सावील रो येथील 'ॲपल' या स्वतःच्या कंपनीच्या तळघरात काम करावयाचे. त्या तळघरात ॲलेक्सिस मार्डास नावाच्या एका गृहस्थाने अद्‌भुत ध्वनिमुद्रणयंत्रणा उभारण्याचे वचन दिले होते. ती निरुपयोगी निघाली आणि ई.एम.आय.कडून यंत्रे उसनी आणावी लागली. २१ जानेवारीला काम सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी बिली प्रेस्टन आला. हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक बीटल्सना १९६२ पासून, हॅम्बुर्गच्या दिवसांपासून परिचित होता. भेटीला आलेल्या या पाहुण्यास त्यांनी विद्युत पियानोवर बसविले आणि खोलीतील हवा बदलली. जॅक्सनच्या अनुबोधपटात हा बदल चेहऱ्यांवर स्पष्ट वाचता येतो. त्याला कायमचा पाचवा बीटल करावा असे जॉनने सुचविले. चौघेच भारी पडत आहेत, अशा अर्थाचे उत्तर पॉलने दिले. तरीही एप्रिल १९६९ मध्ये 'गेट बॅक' हे गाणे सुट्या तबकडीवर निघाले तेव्हा त्यावर बीटल्सच्या बरोबरीने प्रेस्टनचे नाव छापले गेले. एवढा मान त्यांनी दुसऱ्या कोणास दिला नाही.

त्याच गाण्याची घडण या सत्राचा उत्कृष्ट नमुना आहे. ट्विकनहॅमला एका सकाळी जॉनची वाट पाहत असताना पॉल बेस गिटारवर नुसता ठेका धरतो, तोंडाने अर्थहीन शब्द पुटपुटतो, समोर जॉर्ज जांभई देतो, रिंगो पाहत राहतो. आणि काही मिनिटांत त्या पुटपुटण्यातून एक चाल आकार घेते. आरंभीच्या एका आवृत्तीत ब्रिटनमध्ये येणाऱ्या पाकिस्तानी स्थलांतरितांविरुद्ध उठलेल्या ओरडीचे विडंबन होते. १९६८ साली एनॉक पॉवेल याच्या भाषणाने तो विषय पेटलेला होता. पुढे ते शब्द गळाले. चाल मात्र चौघांच्या हातांतून फिरत राहिली आणि प्रेस्टन आल्यावर तिला तिचे अंतिम रूप मिळाले. ज्या तणावाने एक सहकारी घरी गेला, त्याच तणावाच्या पखवाड्यात हे घडत होते. कलह आणि निर्मिती या दोन वेगळ्या खोल्या असतात असे मानणाऱ्यांनी हा भाग अवश्य पाहावा.

आणखी एक प्रसंग. जॉर्जला 'समथिंग' या आपल्या नव्या गाण्यात एका जागी शब्द सापडत नव्हता. जॉनने सल्ला दिला की, योग्य शब्द मिळेपर्यंत तेथे काहीही घाल, 'कॉलिफ्लॉवर' घातलेस तरी चालेल. म्हणजे आपला भाजीतला फ्लॉवर! आजही त्या सत्रातील जॉर्ज प्रेमगीतात फ्लॉवर घालून गाताना ऐकू येतो. वडीलभावाचा हा सल्ला व्यवहारी होता आणि त्यात आपुलकीही होती. पण याच अखेरच्या दिवसांत जॉर्जने जॉनपाशी असेही बोलून दाखविले की, आपल्या वाट्याच्या जागा पाहता पुढील दहा वर्षे पुरतील एवढी गाणी आपल्याजवळ साठली आहेत, तेव्हा ती एकट्याने काढून टाकावीत असे वाटते. सारा कलह या हिशेबात आहे. त्यात कोणी दुष्ट नाही. तबकडीच्या दोन बाजूंवर मावणारी मिनिटे मोजकी आहेत, एवढेच.

३० जानेवारीला सावील रोवरील इमारतीच्या गच्चीवर, बोचऱ्या थंडीत, चौघे आणि प्रेस्टन सुमारे बेचाळीस मिनिटे वाजवीत होते. खाली रस्त्यावर गर्दी जमली, पोलीस वर आले. परदेशी रंगमंडलांच्या थोर कल्पनांतून अखेर स्वतःच्या इमारतीचा जिना चढण्यापर्यंतच मजल गेली, आणि ते उत्तम झाले. तेथे पॉल आणि जॉन एकमेकांकडे पाहून हसतात तेव्हा पंधरवड्यापूर्वीचे काही आठवत नाही. प्रेक्षक समोर असले की हे पथक एक होत असे. सुमारे अडीच वर्षे ते प्रेक्षक नव्हते, ही गोष्ट त्यांच्या दुराव्याच्या कारणांत फारशी मोजली जात नाही. ती मोजली जावयास हवी.

वाजवून संपलेल्या गाण्यांची तबकडी करणे मात्र कोणालाच जमेना. जोडजमव न करता, वाजले तसे द्यावयाचे ही मूळ अट. ग्लिन जॉन्स याने तशी तबकडी जुळवून दिली, ती पसंत पडली नाही. फिती पडून राहिल्या आणि दरम्यान चौघांनी जॉर्ज मार्टिन या जुन्या निर्मात्याच्या देखरेखीखाली, जुन्या शिस्तीने, 'ॲबी रोड' ही दुसरी तबकडी पूर्ण करून २६ सप्टेंबर १९६९ रोजी प्रसिद्धही केली. तीत जॉर्जची दोनच गाणी आहेत: 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन'. ती त्या तबकडीतील सर्वोत्तम आहेत असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे खोडणे सोपे नाही. त्याच सप्टेंबरात झालेल्या एका बैठकीची ध्वनिफीत उपलब्ध आहे. यापुढे जॉन, पॉल व जॉर्ज यांना प्रत्येकी चार गाणी आणि रिंगोला हवी असल्यास दोन, अशी वाटणी जॉन सुचवितो. या तबकडीपूर्वी जॉर्जची गाणी तितकीशी चांगली नव्हती, असे पॉल म्हणतो. तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, असे जॉर्ज उत्तरतो. न्याय्य वाटणीचा हा प्रस्ताव अकरा वर्षांनंतर आला, आणि तो मांडणाऱ्या जॉनने काही दिवसांतच, २० सप्टेंबरला, आपण पथक सोडत असल्याचे सहकाऱ्यांना सांगितले.

पुढील भाग कज्जेदलालीचा आहे. ॲलन क्लाइन याला व्यवस्थापक नेमावे की नाही यावर तिघे एका बाजूस आणि पॉल दुसऱ्या बाजूस झाला. जानेवारी महिन्याच्या त्या फिती १९७० च्या वसंतात फिल स्पेक्टर याच्या हाती देण्यात आल्या. १ एप्रिलला त्याने पॉलच्या 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या साध्या पियानोगीतावर तंतुवाद्ये, शिंगे आणि स्त्रियांचा गायकवृंद चढविला. बीटल्सपैकी त्या दिवशी केवळ रिंगो हजर होता. गीताचा कर्ता अनभिज्ञ होता. १४ एप्रिलला पॉलने पत्र लिहून बदल मागितले, पण तबकडी होती तशीच निघाली. जॉनने वाजविलेला बेस त्या गीतात ठिकठिकाणी चुकला होता आणि तो झाकण्यासाठी स्पेक्टरला काहीतरी करणे भागच होते, असा बचाव केला जातो. तो अर्धाच पटतो. चूक झाकण्यास एवढी वरात लागत नाही. ६ जानेवारीला पॉल जॉर्जला जे सांगत होता, म्हणजे माझ्या गाण्यात मला विचारल्यावाचून नक्षी नको, तेच आता त्याच्यावर उलटले होते. ३१ डिसेंबर १९७० रोजी त्याने भागीदारी मोडण्यासाठी न्यायालयात दावा लावला आणि कारणांत स्पेक्टरच्या या हस्तक्षेपाचाही उल्लेख केला. ही अलंकरणे काढून टाकलेली तबकडी निघण्यास २००३ साल उजाडावे लागले.

जॉर्जने साठलेली गाणी बाहेर काढली ती नोव्हेंबर १९७० मध्ये, तीन तबकड्यांच्या संचात. ट्विकनहॅमला मागे पडलेल्या गाण्याचेच नाव त्याने संचाला दिले, 'वाह-वाह'ही त्यात घातले. निर्माता स्पेक्टर होता, ढोलावर रिंगो होता आणि प्रेस्टनही होता. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७१ रोजी, बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो कार्यक्रम झाला, तो जॉर्जनेच उभा केला. जाहीर कार्यक्रमाला जानेवारी १९६९ मध्ये सर्वांत अधिक विरोध करणारा तोच होता. रिंगो आला, प्रेस्टन आला, क्लॅप्टन आला. जॉन आणि पॉल आले नाहीत. समारोपाच्या गाण्याआधी जॉर्जने 'समथिंग' गायिले, आणि अडलेल्या जागी आता योग्य शब्द होता.